हलव्याचा हार

आरशात रेणूला कुशचं काळं झबलं दिसलं. पोरगं आजीच्या मांडीवर! शेजारी त्याची कार सीट रिकामी, पट्टे लोंबताहेत, आणि गाडी हायवेवर साठ मैलांच्या वेगानं पळतेय.

"आई, त्याला कशाला काढलंत?"

"अगं, पट्ट्याखाली हलव्याचा हार मोडत होता, म्हणून मघाशी सिग्नलला काढलं," सासूबाई म्हणाल्या. "नाशिकहून इथे अमेरिकेपर्यंत जपून आणलाय. बोरन्हाणाला काय मोडका हार घालायचा? घट्ट धरलंय मी. तीन मुलं मांडीवरच वाढवली."

घट्ट म्हणे! रेणूची नोकरीच मुळी गाड्या भिंतीवर आपटून बघायची. आत माणसांऐवजी पुतळे. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल, हे तिनं शाळेत घोकलं होतं. कळलं ते त्या पुतळ्यांची दशा बघून. कुश नऊ किलोचा. पण गाडी कशावर आदळून क्षणात थांबली, तर त्याला धरायला दोनशे किलो पेलणारे हात हवेत. आईंना कणकेची पिशवीसुद्धा उचलवत नव्हती.

"बसवा त्याला परत. आत्ताच्या आत्ता!"

"ओरडू नकोस बाई. चालत्या गाडीत मला नाही जमत. एक्झिटला थांबव, मग बसवते."

एक्झिट यायच्या आतच पुढच्या ट्रकचे लाल दिवे पेटले.

करकचून ब्रेक मारावा, तर पोरगं हातातून सुटणार. न मारावा, तर समोर ट्रक. देवा, देवा! सगळा वेग तर जायलाच हवा होता, पण सावकाश गेला तरच धक्का कमी बसणार. त्यासाठी जागा हवी, आणि समोर जागाच नव्हती. उजवीकडे मात्र रस्ता साफ करताना लोटलेला भुसभुशीत बर्फ लांबवर पसरला होता.

ब्रेक जपून दाबत तिनं गाडी त्यात घातली. काचेवर सगळं पांढरंफटक झालं. गाडी खरखरत, रुतत रुतत थांबली. आणि तरीही मागून धप्प असा आवाज आला.

वळून बघायचा तिला धीर होईना. मग कुशनं जो काय टाहो फोडला! तो ऐकून रेणूला रडूच फुटलं. ती धडपडत मागे गेली. पोरगं सीटखाली आजीच्या शालीवर उताणं पडलं होतं. कपाळावर टेंगूळ, हार जसाच्या तसा.

सासूबाई आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होत्या. "दोन्ही हातांनी कवटाळलं होतं गं," त्या म्हणाल्या. "खरंच सांगते, घट्ट धरलं होतं."

रेणूनं कुशला उचलून चाचपलं आणि सीटमध्ये बसवलं. ती पट्ट्याला हात घालणार, तोच सासूबाईंनी तो ओढून घेतला आणि खटकन लावला. खाली हलवा कडकड फुटला. त्यांनी पट्टा आणखी आवळला.