नेवेनाचा पहिला कीबोर्ड

मित्रांनो, मुलांचा पेटीचा नाहीतर पियानोचा क्लास सुरू झाला की घरोघरी स्वस्तातला एखादा जुना कीबोर्ड शोधतात. मी तसाच एक. एकसष्ट पट्ट्यांचा, काळ्या अंगाचा. डाव्या टोकाची माझी पट्टी मुकी आहे आणि एक कोपरा चिकटपट्टीने बांधलेला आहे. लोक मला पाहून विचारतात, याला काय झालं? उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबत नाही. आज तुम्ही थांबला आहात, तर सांगतो. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मलो. तिथल्या एका बाईने माझी प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबून पाहिली. हळू दाबली की सूर हळू यावा, जोरात दाबली की मोठा यावा, असे मला घडवले होते. त्यामुळे पट्टीवर बोट पडले की मला त्या हाताचे वजन कळते.

सर्बियातल्या लेस्कोवात्स गावी स्तामेन नावाच्या वादकाने मला विकत घेतले. तो लग्नात वाजवायचा. तिथली लग्ने म्हणजे तंबू, भाजलेले मांस, राकिया नावाच्या दारूच्या बाटल्या आणि नाचून नाचून उडालेली धूळ. स्तामेनची बोटे माझ्यावर इतकी हलकी पळत की म्हाताऱ्या बायका जेवण सोडून उठायच्या आणि फेर धरायच्या. लोक त्याला मिठ्या मारत आणि माझी पाठ थोपटत. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग एका लग्नात नवरीच्या भावाने एक गाणे मागितले आणि नवऱ्याच्या मामाने दुसरे.

"आधी माझं वाजव!" भाऊ ओरडला.

"पोरगी दिलीत, आता हुकूमही देणार का?" मामा म्हणाला.

स्तामेन हसून म्हणाला, "अहो, दोन्ही वाजवतो, बसा तरी." पण कोणी बसले नाही. एकाने बाटली फेकली. दुसऱ्याने पिस्तूल काढून तंबूच्या छताकडे गोळ्या झाडल्या. बाया पोरांना घेऊन टेबलांखाली शिरल्या. स्तामेन पळाला असता तर त्याचा हात वाचला असता. पण तो माझ्यावर दोन्ही हात पसरून ओणवा झाला. लाकडी बाक फिरत आला आणि त्याच्या डाव्या हातावर आदळला. दोन बोटांचा चुरा झाला. एक बाटली माझ्या टोकाच्या पट्टीवर फुटली, राकिया माझ्या पोटात गेली, आणि तिच्यामागून स्तामेनचे रक्त. ते कोमट होते.

बोटे जुळली, पण वाकडी. स्तामेनने वाजवणे सोडले आणि बाजाराजवळ वाद्ये दुरुस्त करण्याचे दुकान काढले. मला त्याने सगळ्यात वरच्या फळीवर प्लास्टिक पांघरून ठेवले. कोणी माझ्याकडे बोट दाखवले की तो म्हणायचा, "तो विकायचा नाही." मी धूळ खात पडून राहिलो. खाली गिटारी आल्या, अकॉर्डियन आले, गेले. मला कोणी उतरवले नाही.

एके दिवशी देसांका नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन आली. देसांका शिवणाच्या कारखान्यात काम करायची. मुलगी नेवेना, नऊ वर्षांची, तिला संगीत शाळेत नुकताच प्रवेश मिळाला होता. शाळेतल्या ओल्गित्सा बाईंनी सांगून पाठवले होते की पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात, एकसष्टपेक्षा कमी नकोत, आणि बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलायला हवा. शेकडो आवाज आणि तयार ठेके नसले तरी चालतील.

देसांकाची नजर मात्र काचेतल्या एका लाल कीबोर्डवर गेली. त्याच्या पट्ट्या पेटत-विझत होत्या आणि तो स्वस्त होता.

"ताई, ते खेळणं आहे," स्तामेन म्हणाला. "पट्ट्या बघा केवढ्या बारीक. पोरीची बोटं वाढतील, पट्ट्या वाढणार आहेत का?"

नेवेनाने त्याची एक पट्टी हळू दाबली, मग जोरात. "आई, हा काहीही केलं तरी तेवढाच ओरडतो."

देसांकाने खाली बघत विचारले, "याला हेडफोन लावता येतो का? म्हणजे, आवाज बाहेर नाही गेला पाहिजे. अजिबात नाही."

"याला नाही लागत. शेजारी कुरकुर करतात वाटतं?"

"हो. शेजारी."

"शेजारी नाही," नेवेना म्हणाली. "बाबा."

देसांकाने तिचा हात दाबला. तसे करताना देसांकाची बाही वर सरकली आणि मनगटावरचे निळे वळ दिसले. स्तामेनने ते पाहिले. शिडी लावली, वर चढला आणि मला खाली घेऊन आला. प्लास्टिक काढले, फडक्याने मला पुसले, एकेक पट्टी वाजवून दाखवली.

"ही टोकाची मुकी आहे. सुरुवातीला इतक्या लांब हात जात नाही, फिकीर नको. हेडफोनची जागा इथे, मागे. पेडलची ही. विजेची वायर मूळचीच आहे, दुसरी लावू नका, जळेल. त्या लाल डब्याचे जेवढे देणार होतात, तेवढेच द्या."

"पण तुम्ही तर तो वर जपून ठेवला होता..." देसांका म्हणाली.

"वर ठेवून काय करू त्याचं?" स्तामेन म्हणाला, आणि नेवेनाला हेडफोनही फुकटच दिला.

अशा रीतीने मी त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो. स्टँड नव्हता, म्हणून इस्त्रीच्या टेबलावर माझी जागा झाली. खाली सामाईक अंगण होते.

मित्रांनो, नेवेनाचे बाबा रादिशा नेहमीच वाईट नव्हते. ते मुलीला खांद्यावर घेऊन नाचायचे, तिच्या ताटात आपल्या वाटणीचे मांस वाढायचे. ते कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्यासारखे पुष्कळ जण घरी बसले. सगळ्यांनी काही घरी हात उगारला नाही. रादिशाने उगारला. सूप गार आहे म्हणून थाळी भिंतीवर गेली. उत्तर उशिरा दिले म्हणून देसांकाचे डोके दारावर आपटले. दुसऱ्या दिवशी ती गळ्याला रुमाल बांधून कामावर जायची.

नेवेना हेडफोन लावून वाजवायची. भांडण पेटले की ती माझा आवाजाचा खटका पार शेवटापर्यंत सरकवायची. बाहेरचे काही कानावर येऊ नये म्हणून. तिच्या कानात माझे सूर गडगडत असायचे आणि खोलीत मात्र पट्ट्यांची टकटक तेवढी ऐकू यायची. तिच्या बोटांवरून घरात काल काय झाले ते मला समजायचे. कधी ती पट्ट्यांना जेमतेम शिवायची, जणू मीही तिला मारीन. एकदा तिने घरी येऊन आईला सांगितले, "बाई म्हणाल्या, इतकं हळू आणि इतकं छान वर्गात कोणी वाजवत नाही." देसांकाने तिला जवळ घेतले आणि चेहरा दुसरीकडे वळवला.

मग शरद ऋतू आला. लेस्कोवात्समध्ये त्या दिवसांत अंगणोअंगणी चुली पेटतात आणि हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजतात. त्या दुपारी खाली अंगणात शेजारची झिवका मावशी आणि आणखी तिघी बायका मिरच्या भाजत होत्या. आमची खिडकी उघडी होती. देसांका स्वयंपाकघरात होती. नेवेना हेडफोन लावून धडा गिरवत होती.

रादिशा पिऊन आला. त्याने तिला हाक मारली. तिला ऐकू आले नाही. पुन्हा मारली. मग त्याने मागून हेडफोनची वायर धरून हिसडली. हेडफोन तिच्या केसांत अडकला होता, तिची मान मागे गेली. वायर माझ्यातून सुटली आणि मी मोठ्याने गर्जलो, कारण खटका पार शेवटाला होता.

"बापाशी बहिरी होतेस? माझ्याच घरात?" त्याने तिला थोबाडीत मारली. ती तोंडावर माझ्या पट्ट्यांवर आपटली. तिचा ओठ फुटला.

देसांका धावत आली आणि मध्ये पडली. रादिशाने तिला बुक्का घातला. ती कपाटावर आदळली, उठली, पुन्हा मध्ये आली. त्याने पुन्हा मारले.

तेव्हा नेवेनाने दोन्ही हात कोपरांपर्यंत माझ्यावर टाकले आणि सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या. ते संगीत नव्हते. जनावर कापताना ओरडावे तसा आवाज माझ्यातून निघाला आणि खिडकीबाहेर गेला.

"बंद कर! बंद कर ते!" रादिशा ओरडला. ती हलली नाही. त्याने तिच्या पाठीत मारले. तरी ती हलली नाही. उलट तिने सगळे वजन माझ्यावर टाकले. मित्रांनो, नऊ वर्षांच्या मुलीत इतके वजन असते हे मला माहीत नव्हते.

शेवटी त्याने तिला ढकलून दिले आणि मलाच उचलले. माझी विजेची वायर तुटली, मी गप्प झालो. त्याने मला डोक्यावर नेले आणि देसांकावर आणले. तिने हात आडवा धरला. तिचे हाड मोडले ते मला माझ्या अंगातून कळले. माझा कोपरा तिथेच फुटला. स्तामेनच्या हाताने मला वाचवले होते, आणि या बाईचा हात माझ्याकडून मोडला.

त्याने मला दुसऱ्यांदा उचलले, इतक्यात दार धाडकन उघडले. झिवका मावशी दारात उभी होती. हात कोपरापर्यंत काळे, हातात मिरच्या उलटवायचा तापलेला लोखंडी चिमटा. मागे तिघी बायका.

"खाली ठेव, रादिशा."

"घरातली गोष्ट आहे, म्हातारे. नीघ."

"खाली ठेव म्हणते!"

त्याने मला तिच्यावर उगारले. झिवका मावशीने चिमटा त्याच्या बोटांवर हाणला. कातडी चरचरली, तो किंचाळला, मी जमिनीवर पडलो. मग चौघी त्याच्यावर तुटून पडल्या. एकीने केस धरले, एकीने गुडघा छातीवर रोवला, तिसरी त्याच्या पायांवर बसली, चौथीने पोलिसांना फोन केला. त्याने चावे घेतले, लाथा झाडल्या, पण पोलीस येईपर्यंत त्यांनी त्याला उठू दिले नाही. खाली मिरच्या जळून कोळसा झाल्या.

सगळे संपल्यावर झिवका मावशी नेवेनाचा ओठ पुसत रडू लागली. "किती वेळा ऐकू आलं गं आम्हाला. आणि किती वेळा मी खिडकी लावून घेतली."

न्यायाधीशांनी रादिशाला घराजवळ फिरकायला बंदी घातली. स्तामेनने आपल्या वाकड्या बोटांनी मला उघडले, तारा जोडल्या, कोपरा बांधला. मी पुन्हा बोलू लागलो, पण नेवेना मला हात लावेना. ज्याने आईचा हात मोडला, त्याच्यावर बोटे कशी ठेवायची? ती शाळेतल्या पियानोवर सराव करायची आणि घरी माझ्याकडे पाठ करून बसायची. मला तिचा राग आला नाही. मलाही माझा भरवसा वाटत नव्हता.

एका रविवारी देसांकाच माझ्यासमोर बसली. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने तिने मुलीचा धडा वाजवायला घेतला. चुकीचा. पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा तर फारच चुकीचा.

"अगं आई, काय करतेस? काळी पट्टी, काळी!"

"कुठली काळी? सगळ्या सारख्याच दिसतात मला."

नेवेना उठून आली, तिने आईचे बोट धरून योग्य पट्टीवर ठेवले. मग आपले ठेवले. मग दुसरे.

वसंतात बंदीची मुदत संपली आणि रादिशा आला. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात एक लांब, नवा कोरा खोका. देसांकाने साखळी लावूनच दार उघडले.

"पोरीसाठी आणलाय," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "मोठा आहे. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. पीत नाही आता, देसांका. देवाशपथ."

देसांकाने खोक्याकडे पाहिले. ती एकटी शिवून शिवून थकली होती, आणि तो तिला कधीकाळी आवडला होता. तिचा हात साखळीकडे गेला. तिने साखळी अर्धी काढली.

"नेवेना," तो फटीतून म्हणाला, "बघ ना, काय आणलंय बाबांनी. ते फुटकं डबडं फेकून दे."

नेवेना आईच्या मागे उभी होती. "मला नको, बाबा. माझा आहे मला."

"अगं, उघडून तर बघ."

"नको."

एवढेच. तेवढ्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याने खोका उचलून जिन्याच्या कठड्यावर आपटला, मग लाथ मारली. खोका पायऱ्यांवरून आदळत, उलटत खाली गेला. आतल्या पट्ट्या निखळण्याचा आवाज मी इस्त्रीच्या टेबलावरून ऐकला.

देसांकाने साखळी पुन्हा लावली. दार लोटले आणि किल्ली फिरवली. बाहेर एकामागून एक सगळ्या मजल्यांची दारे उघडली. झिवका मावशीचा आवाज आला, "उतर, रादिशा. आम्ही बघतोय." तो खोक्यावरून पाय टाकून निघून गेला. पुन्हा आला नाही.

तो नवा कीबोर्ड स्तामेनकडे नेला, पण त्याच्यात दुरुस्त करण्यासारखे काही उरले नव्हते. माझ्यापेक्षा देखणा असणार. त्याच्यापुढे एकही मूल बसले नाही, त्याने एकही सूर काढला नाही. त्याला सांगायला स्वतःची गोष्टच मिळाली नाही, म्हणून ती मी माझ्यात घेतली.

मित्रांनो, पहिला कीबोर्ड घेताना पट्ट्या एकेक करून वाजवून पाहा. मूळची वायर मागून घ्या. घरी आणल्यावर आम्हाला पाण्यापासून जपा, धूळ पुसा. आणि शेजारच्या घरातून कोणी पडल्याचा, कोणी ओरडल्याचा आवाज आला, तर तुमची खिडकी लावू नका. एकटे जाऊ नका. मोठ्या माणसांना ओढून न्या. ते म्हणतील, जाऊ दे, त्यांच्या घरातली गोष्ट आहे. तरी ओढून न्या, आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहा.