मानाचा एक नंबर

काडेपेटीहून जरासा मोठा, निळा, एका कोपऱ्याला तडा गेलेला असा मी एक जुना कन्व्हर्टर. मित्रांनो, नावाला घाबरू नका. काम दुभाष्याचं आहे. माझ्या एका अंगाला कॉम्प्युटर, दुसऱ्या अंगाला दोन तारा आणि तारांवर मशिनी. कॉम्प्युटरची बोली मशीनला कळत नाही, मशीनची कॉम्प्युटरला. मी मध्ये बसून इकडचं तिकडे सांगतो, पदरचं एक अक्षर घालत नाही. स्वतः बोलायला मला दोनच दिवे मिळालेत. प्रश्न गेला की लाल लुकलुकतो, उत्तर आलं की हिरवा.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला शुद्ध आली ती पनवेलच्या बाजारात, नोमानच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. तिथून मी पळस्प्याजवळच्या आनंदाशेठच्या हॅचरीत आलो. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसून जे करते, ते तिथे कपाटाएवढ्या चार मशिनी करत. चौघी एकाच तारेवर, चाळीत राहिल्यासारख्या. तारेचा नियम एकच: ज्याचा नंबर पुकारला त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. "एक, तुझी ऊब किती?" "साडेसदतीस." मग दोन, मग तीन. सात वर्षं मी हेच निरोप पोचवले.

कॉम्प्युटरपुढे आशालताबाई बसत. शाळा दहावीपर्यंत, कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही, त्यांनीच चुकत चुकत शिकून वहीत लिहून ठेवला होता. 'आधी पोर्ट तीन उघडणे. वेग ९६००. मग नंबर. मग विचारणे. राग आला तरी बटण दोनदा दाबू नये.' दर शनिवारी त्या जुन्या दात घासायच्या ब्रशने माझी धूळ काढत. बाकी कुणी माझ्याकडे पाहत नसे. शेठच्या खुर्चीचा पाय माझ्यावर आला, तडा गेला, तेव्हा शेठ म्हणाले, "चालतंय ना? मग झालं."

या 'मग झालं'चीच सगळी गोष्ट आहे. एक नंबरची मशीन सर्वांत जुनी. तिच्या दारावरचा आकड्यांचा पडदा कधीच जळला होता. तिची ऊब फक्त कॉम्प्युटरवर दिसायची. दिसते ना? मग झालं.

त्या मशीनमध्ये गोदूबाईंची साठ अंडी होती. रोग आला आणि या म्हातारीचं अख्खं खुराडं रिकामं झालं. उरलेल्या दोन कोंबड्यांची अंडी आणि पाहुण्यांकडून मागून आणलेली, अशी तिने साठ जमवली. टोपलीवर फडकं घालून रिक्षाने ती स्वतः घेऊन आली. आशालताबाईंनी तिला शब्द दिला होता, "आजी, तुमच्या अंगणात पुन्हा चिवचिवाट होईल." अठरावा दिवस होता.

त्या दिवशी सकाळी नवी मशीन आली. शेठनी नारळ फोडला, हार घातला. म्हणाले, "आमच्याकडं नवीन येल त्याला पयला मान. हिचा नंबर एक." बसवणाऱ्या माणसाने नव्या मशीनच्या पोटात एक हा नंबर भरला, तार जोडली आणि चहा पिऊन गेला. शेठनी जुन्या मशीनवरची 'एक'ची चिठ्ठी खरवडून तिथे 'पाच' चिकटवलं. जागा करायला तिला दोन हात बाजूला ढकललं. पोटातल्या नंबराला कुणी हात लावला नाही.

दुपारी बाईंनी कॉम्प्युटरच्या यादीत पाच वाढवला आणि पडद्यावर तांबडी अक्षरं आली. एक: उत्तर नाही. पाच: उत्तर नाही.

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू! एक पुकारला की दोघी एकदम बोलायच्या. कानात दोन माणसांनी एकाच वेळी ओरडावं तसं. मी ते वेगळं कसं करणार? कॉम्प्युटर ऐकायचा आणि फेकून द्यायचा. त्या कालव्यात एकदा मला जुनीच्या बोलण्याचं शेपूट ऐकू आलं. अडतीस आणि वर काहीतरी. ढकलताना तिच्या पंख्याचा पट्टा निसटून पंखा थांबला होता. नवीच्या पंख्याच्या घरघरीत कुणाला पत्ता लागला नाही. आत मोठी झालेली पिल्लं स्वतःच्याच उबेने शिजू लागली होती. मला कळलं होतं. सांगणार कुणाला?

"शेठ, जुनीचं दार उघडून बघू का?" आशालताबाईंनी विचारलं.

"नको गं बाय, वाफ जाईल. सकाली बघितली ना? साडेसदतीस व्हती."

नोमानला बोलावलं. त्याने मला उलटंसुलटं केलं, तडा पाहिला आणि तो चुकचुकला. "ताई, ये बुढ्ढा गया. नवा लावतो."

मला उपटून टेबलावर ठेवलं. नवा लागला. गोरापान, पण त्याला दिवे नव्हते. पडद्यावर तीच तांबडी अक्षरं. नोमान म्हणाला, "मग वायर असेल," आणि भिंतीलगत गुडघ्यांवर रांगत तार तपासू लागला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. माझे दिवे विझलेले. माझ्यासमोर भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

आशालताबाईंनी नव्यावर दिवा शोधला, मिळाला नाही. मग म्हणाल्या, "नोमान, म्हाताऱ्याला परत लाव."

"ताई, वो गया हुआ है!"

"लाव म्हणते ना."

मला जोडलं. त्यांनी पाच पुकारला. लाल लुकलुकला, हिरवा काळोखात. मग एक पुकारला. लाल लुकलुकला आणि हिरवा असा फडफडला, की मी उभ्या जन्मात तसा फडफडलो नव्हतो.

"गेलेला माणूस डोळे मिचकावतो का रे?" त्या म्हणाल्या. "उत्तर येतंय. पाचात कुणी नाही आणि एकात गर्दी आहे." त्या वळल्या. "शेठ, तुम्ही जुनीच्या आतला नंबर बदललात?"

"आतला?" शेठ डोकं खाजवू लागले. "आत पन नंबर असतो?"

पुढचं उत्तर द्यायला बाई थांबल्या नाहीत. पेचकस घेऊन मानाच्या मशीनकडे गेल्या आणि तिच्या दोन तारा सोडवल्या. परत येऊन एक पुकारला. आता तारेवर जुनी एकटीच होती. तिने सांगितलं, मी पोचवलं, पडद्यावर आकडा उमटला. एकोणचाळीस पॉइंट सहा.

"या अल्लाह," नोमान म्हणाला.

दार उघडलं. गरम वाफेचा लोट सगळ्यांच्या तोंडावर आला. नवी मशीन रिकामीच तापत ठेवली होती, साडेसदतीसवर. तिघांनी एकेक ट्रे उचलून तिच्यात नेला. शेठची धांदल एवढी की मशीनवरचा हार त्यांच्याच गळ्यात अडकला, पण हसायला कुणाला सवड नव्हती. शेवटी आशालताबाईंनी एक अंडं बॅटरीच्या उजेडापुढे धरलं. आत काळी सावली. हलली नाही. दुसरं धरलं. हललं नाही. तिसरं धरलं. बराच वेळ पाहिल्यावर सावलीची कड जराशी थरथरली. त्यांनी ते अंडं जपून ट्रेत ठेवलं.

एकविसाव्या दिवशी गोदूबाई टोपली घेऊन आली. साठांतून एकेचाळीस पिल्लं निघाली होती. शेठ बाईंच्या कानात म्हणाले, "अंडीच कच्ची व्हती म्हनून सांग. कोनाला काय कलतंय?"

आशालताबाई गोदूबाईंपुढे बसून म्हणाल्या, "आजी, एकोणीस गेली. चूक आमची. तुमची अंडी चांगली होती."

म्हातारी बराच वेळ पिल्लं मोजत राहिली. मग म्हणाली, "कोंबरी बसली असती तरी चार-पाच गेलीच असती."

"एकोणीस नसती गेली."

"नाय," गोदूबाई म्हणाली. "पन कोंबरी मना कंदी 'माजी चूक' बोलली नसती." आणि टोपलीवर फडकं नीट करून ती उठली. जाताना शेठना म्हणाली, "आनंदा, ती दारावरची आकड्यांची काच लावून घे आधी. मंग नारल फोर."

मित्रांनो, मी अजून कामावर आहे. तड्यावर आता चिकटपट्टी आहे. मोठं सांगण्याची माझी ऐपत नाही. एवढंच सांगतो: बाहेरची चिठ्ठी बदलली म्हणजे आतलं बदललं असं धरून चालू नका. दोघं एकदम बोलत असतील तर एकाला जरा थांबवा. आणि कुणाचं उत्तर ऐकू येत नसेल, तर तो गप्प आहे असं समजू नका. उठा, दार उघडून बघा. वाफ जाईल, जाऊ द्या. वाफ पुन्हा भरता येते.