चौथ्या मजल्यापर्यंत गेलेले पाच टोले

मित्रांनो, मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे. सागवानी पेटी, समोर काच, आत पितळी लंबक आणि दर तासाला टोले. आपली कहाणी सांगणारी बहुतेक मंडळी आपण किती सोसलं ते सांगतात. मी फारसं काही सोसलेलं नाही. ज्यांनी सोसलं ते माझ्याकडे बघत बघत सोसत होते, आणि मला ते आवडत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही उगाच माझी कीव करणार नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते परळच्या एका कापडगिरणीचं फाटक. तिथे मी टाइम ऑफिसच्या भिंतीवर होतो. भोंगा झाला, माझा मोठा काटा बारावर गेला, की रखवालदार फाटक लावून घेई. मग दोन मिनिटांनी कुणीतरी धापा टाकत यायचा, गजांमधून माझ्याकडे बघायचा आणि मान खाली घालून परत जायचा. त्याचा दिवस बुडालेला असे. एवढ्या मोठ्या बाप्यांना नुसत्या दोन काट्यांनी परत पाठवता येतं, याचा मला फार तोरा होता.

त्या परत गेलेल्यांत धोंडू परबही होता. तो साचेखात्यात, मागांवर काम करायचा, सावंतवाडीकडचा. दोनदा त्याला मी फाटकाबाहेर ठेवलं. तरी त्याने माझा राग धरला नाही. मुकादम खोटं बोलतो, मालक खोटं बोलतो, पण घड्याळ खरं बोलतं, असं तो म्हणायचा. गिरणी बंद पडली तेव्हा सगळं भंगारात निघालं. धोंडूने मला त्या ढिगातून उचललं, चादरीत गुंडाळलं आणि चेंबूरला आणलं.

चेंबूरला गिरणीतल्या लोकांनी मिळून दोन इमारती उभ्या केल्या होत्या, ए आणि बी. चार मजले, अरुंद जिने, लिफ्ट नाही. नाव ठेवलं ‘श्रमसाफल्य’. ए इमारतीच्या जिन्याखाली एक खोली होती, तीच संस्थेची कचेरी. तिथे मला खिळा मिळाला, आणि धोंडू झाला संस्थेचा पहिला सेक्रेटरी. सगळे त्याला धोंडूदादा म्हणू लागले.

पहिल्याच निवडणुकीत भांडण झालं. समितीसाठी अर्ज भरायची वेळ संपली की नाही, यावर दोन मनगटी घड्याळांची जुंपली. ज्यांच्या मनगटावर काहीच नव्हतं ते बिचारे नुसते बघत राहिले. तेव्हा धोंडूदादाने उपविधीत एक कलम घातलं. ‘उमेदवारी अर्ज कार्यालयातील भिंतीवरील घड्याळात सायंकाळी पाच वाजेपर्यंत स्वीकारले जातील. अन्य कोणतेही घड्याळ ग्राह्य धरले जाणार नाही.’ भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांचं, असा त्यामागचा विचार होता. विचार चांगला होता. दर रविवारी तो स्वतः खाली येऊन मला चावी द्यायचा, रेडिओच्या सातच्या बातम्यांना काटे जुळवायचा आणि काच पुसायचा.

त्या कलमाचा पहिला बळी बी इमारतीतला चंदू पेडणेकर. बायकोला इस्पितळात पोचवून तो अर्ज घेऊन आला, तर पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. धोंडूदादाने माझ्याकडे बोट दाखवलं. चंदू म्हणाला, “दादा, बायकोला रक्त चढवतायत रे.” धोंडूदादा म्हणाला, “मिलचा घड्याळ आसा ता. ता कोणाची बायको बघना नाय.” जमलेल्यांनी शाबासकी दिली, माणूस असावा तर असा. मीही फुगलो. पायरीवर बसून अर्जाची घडी घालणाऱ्या चंदूकडे माझं लक्ष होतं, पण वाईट वाटलं असं म्हणालो तर ते खोटं होईल.

वर्षं गेली. धोंडूदादाचा मुलगा आजारात गेला. दादाने खोली सुनेच्या, नलिनीच्या नावावर केली. मग एकदा जिन्यात पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं, आणि तो चौथ्या मजल्यावर खाटेला खिळला. खाली आणायचं तर चार माणसं लागणार, आणि अरुंद जिन्यात चार माणसं वळत नाहीत. खुर्चीला बांधून आणावं, तर जिन्यातले हिसके त्या खुब्याला सोसणार नव्हते. माझी चावी त्याने नलिनीच्या हाती खाली पाठवून दिली. चावी सेक्रेटरीकडे हवी असा नियम होता, तोही त्यानेच केलेला. सेक्रेटरी तेव्हा निलेश झाला होता, त्या चंदू पेडणेकरचा मुलगा.

सहा वर्षं दादा खाली उतरला नाही. रविवारी मला पुसणारं कुणी उरलं नाही. निलेश आठवण झाली तर चावी देई, काचेवर धूळ साचून आकडे पुसट दिसत. माझे टोले मात्र जिन्यातून थेट वरपर्यंत जात. नलिनी एकदा कचेरीत सासऱ्याबद्दल म्हणाली होती, “आबा दिवसभर टोले मोजत बसतात. एखादा चुकला तर मला विचारतात, किती झाले गं.” ते ऐकून मी पुढचे टोले जरा जोरात दिले असतील. निदान मला तसं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. संस्थेने एकदाची लिफ्ट बसवायचं ठरवलं, पण दोन्ही इमारतींना एकदम नाही. एका इमारतीला आता, दुसरीला पुढची समिती बघेल. कुठल्या इमारतीला आधी, हे नवी समिती ठरवणार होती. समिती नऊ जणांची. चार जागा ए इमारतीच्या, चार बी इमारतीच्या, नववी महिलांची. त्या नवव्या जागेवर जी बाई येईल, तिच्या इमारतीत लिफ्ट. निलेशने बायकोचा, श्वेताचा, अर्ज पहिल्याच दिवशी भरला. ती दोघं बीमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. आणि ए इमारतीतून नलिनी उभी राहणार होती. तिला समितीत बसायची हौस नव्हती. सासऱ्याला एकदा खाली आणून अंगणात उन्हात बसवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

अर्जावर अनुमोदकाने निवडणूक अधिकाऱ्यासमोर सही करायची असते. नलिनीची अनुमोदक चेतना बँकेत नोकरीला. तिला शेवटच्या दिवशी अर्धी रजा मिळाली. साडेचारपर्यंत येते म्हणाली, यायला पाचला दहा कमी झाले.

त्या दुपारी निवडणूक अधिकारी श्यामसुंदर जेवायला गेले होते. हे बाहेरच्या सोसायटीतले निवृत्त गृहस्थ, ना ए इमारतीचे, ना बीचे. कचेरीत निलेश एकटाच होता. अडीच वाजले होते. तो स्टीलच्या खुर्चीवर चढला, खिशातला रुमाल काढला आणि त्याने माझी काच पुसली. मित्रांनो, किती महिन्यांनी माझ्या काचेला कापड लागत होतं. मी सुखावलो. मला वाटलं, आता चावी देईल. त्याने काच उघडली, मोठ्या काट्यावर बोट ठेवलं आणि सावकाश बारा मिनिटं पुढे ढकललं. मग काच लावून तो खाली उतरला आणि मोबाईल बघत बसला.

तुम्हाला वाटेल, बापाच्या अपमानाचा सूड. तसं असतं तर निदान त्यात काही माणूसपण तरी असतं. बापाच्या त्या तीन मिनिटांचं निलेशला काही पडलेलं नव्हतं. त्याला लिफ्ट हवी होती, बस्स.

खऱ्या पाचला बारा मिनिटं असताना मी पाच टोले दिले. ते जिन्यातून वर गेले. दोनच मिनिटांनी नलिनी आणि चेतना दारात उभ्या. नलिनीच्या हातात अर्ज, पदराने पुसलेला घाम. श्यामसुंदरांनी माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

“पाच वाजून दोन मिनिटं झाली, ताई.”

“ओ काका, काय बोलताय?” चेतनाने मोबाईल पुढे केला. “चार पन्नास झालेत. तुमचा बघा ना.”

श्यामसुंदरांनी खिशातून आपला मोबाईल काढला, बघितला, परत ठेवला. “माझ्यातही चार पन्नासच आहेत. पण मी मोबाईल बघून निर्णय देऊ शकत नाही. तुमच्याच उपविधीत लिहिलंय.”

“मग घड्याळ पुढे आहे ना. दिसतंय की.”

“पुढे आहे ही तक्रार अर्ज भरायच्या मुदतीत यायला हवी होती. मुदत तर संपली.”

निलेश हसला नाही. उलट चेहरा पाडून म्हणाला, “वहिनी, नियम काय मी केलाय? तुमच्याच सासऱ्यांनी केलाय ना.”

नलिनी त्याच्याकडे वळली. “निलेश, आबांच्या अंगाला सहा वर्षांत ऊन लागलेलं नाही रे. घे ना अर्ज. हरले तर हरले.”

“सेंटी नका होऊ वहिनी. उद्या सगळेच येतील.”

तिने मोबाईल वर धरून माझा फोटो काढला. एव्हाना माझ्यात पाच वाजून चार मिनिटं झाली होती. मग दोघी गेल्या. संध्याकाळी सगळे पांगल्यावर निलेश पुन्हा खुर्चीवर चढला आणि मला बारा मिनिटं मागे आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनीने लेखी तक्रार दिली. श्यामसुंदर न्यायाने वागणारे गृहस्थ. त्यांनी चौघांसमोर मला तपासलं. चार मोबाईल माझ्याखाली धरले गेले. मित्रांनो, मी मिनिटाचाही फरक न करता बरोबर होतो. मी खरं सांगत होतो, आणि माझ्या खरेपणामुळे ती खोटी ठरत होती.

नलिनीने फोटो दाखवला. श्यामसुंदरांनी चष्मा वर करून बघितला. “फोटोवरची मोबाईलची वेळ धरता येत नाही, आणि घड्याळात तर पाच वाजून चार मिनिटं दिसतात. हा तुमच्याच विरुद्ध पुरावा झाला की.”

“काका, काल तुम्हीच म्हणालात, तुमच्यात चार पन्नास आहेत.”

“म्हणालो असेन. ते कुठे नोंदलंय?”

तक्रारीत तथ्य आढळले नाही, असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. श्वेता बिनविरोध आली.

निकालाचा कागद लागला त्या दिवशी नलिनी कचेरीच्या दारात चेतनाशी बोलत होती. आवाज अगदी साधा होता.

“आबांना सांगितलं मी, घड्याळ पुढे केलं होतं म्हणून. तर म्हणाले, ‘घड्याळ चुकाचा नाय कधी. पाचचे टोले मीया ऐकलंय. तेवा तू दारात चपला घालीत होतंस.’”

“अगं, मग त्यांना नीट समजव ना.”

“काय समजवू? टोले खरंच झाले होते. मीपण ऐकले. मला वाटलं, जुनं झालंय, काहीही वाजतंय. आबा म्हणतात, त्यांनी खाली यावं असं मलाच वाटत नव्हतं. म्हणून मुद्दाम उशीर केला. सहा वर्षं त्यांचं हागणंमुतणं मी काढते, चेतना. आता माझ्या हातचं पाणी घेताना भिंतीकडे तोंड करतात.”

मी वर भिंतीवर होतो. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपले टोले कुणाला ऐकू जाऊ नयेत. अकरा वाजले आणि मी अकरा टोले दिले. वर कुणीतरी ते मोजले असणार.

बी इमारतीत लिफ्ट आली. निलेश दोन मजले लिफ्टने जातो. धोंडूदादा त्यानंतर आठ महिने जगला. त्या आठ महिन्यांत तो सुनेशी कामापुरतंच बोलला, आणि माझ्यावरचा त्याचा विश्वास तसाच राहिला.

शेवटी तो खाली आला. जिन्यात तिरडी वळेना, म्हणून त्याला खुर्चीला बांधून उतरवला. संस्थापक म्हणून कचेरीसमोर पाच मिनिटं टेकवला. डोक्यावर ऊन आलं होतं. निलेशने हार घातला आणि चार शब्द बोलला. “दादा म्हणजे शिस्त. सख्ख्या सुनेला उशीर झाला, तरी त्यांनी घड्याळाचीच बाजू घेतली. असा माणूस होणे नाही.” लोकांनी माना हलवल्या. दोनचार जणांनी नलिनीकडे बघून घेतलं.

नलिनी आत आली. तिने स्टीलची खुर्ची ओढली, चपला काढल्या आणि वर चढली. दहाला बारा-तेरा मिनिटं कमी होती. तिने काच उघडली, मोठ्या काट्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत तो बारावर नेला. मी दहा टोले दिले. मला थांबता आलं नाही. लोकांनी नकळत आपापले मोबाईल बघितले आणि ते परत खिशात घातले. निलेश हाराचा दोरा सोडवत बसला.

नलिनी खुर्चीवरूनच दाराबाहेरच्या म्हाताऱ्याकडे बघत होती.

“ऐकलंत आबा?” ती म्हणाली. “त्या दिवशी असेच वाजले होते.”

माझा एकेक टोला मोजणारा तो एकच माणूस होता, आणि हे दहा त्याने ऐकले नाहीत. श्यामसुंदर निवडणुकीपासून ओळखीचे झाले म्हणून आले होते. ते हळूच म्हणाले, “ताई, तेवढं मागे करा. स्मशानात वेळ दिलेली आहे.” तिने काटा मागे केला नाही. ती उतरली, चपला घातल्या आणि निघाली. सगळे गेल्यावर निलेशने तो मागे केला, आणि जाताजाता रुमालाने काचही पुसली.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तू काहीतरी मागतात. पुसत जा, जपत जा, फेकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मला कापडाची आता धास्ती वाटते. तुमच्या वर्गात मॉनिटर निवडतील, उद्या तुमच्या सोसायटीत कमिटी निवडतील. तेव्हा कुणी माझ्यासारख्याकडे बोट दाखवून म्हणालं, हे बघा, नियम म्हणजे नियम, तर माझ्याकडे बघू नका. माझ्याखालच्या खुर्चीवर सकाळपासून कोण कोण चढलं होतं ते विचारा. आणि ते निवडणूक संपायच्या आत विचारा.

धोंडूदादाचं कलम अजून उपविधीत आहे. चावी निलेशकडे आहे. तो आता न चुकता दर रविवारी मला चावी देतो. आज मी अगदी बरोबर आहे. कुणीही येऊन तपासावं.