आवाज पकडायचं यंत्र

सयाजीगंजात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर हसमुखभाईंचं दुकान आहे. लग्नाचे व्हिडिओ काढणारे तिथून कॅमेरे भाड्याने नेतात, आणि नवरात्रात स्पीकरवाल्यांची झुंबड उडते. नवरात्र नुकतंच उरकलं होतं, दुकान सुस्तावलं होतं. नीरा फणसे ऑफिसातून अर्धी रजा टाकून तिथे गेली आणि आवाज रेकॉर्ड करायचं, हातात मावेल असं यंत्र दाखवा म्हणाली, तेव्हा हसमुखभाईंनी आधी तिच्यामागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"साहेब गाडी लावून येतायत?"

"साहेब नाहीत. यंत्र मला पाहिजे."

"भजन गाता, बेन?"

"नाही."

"गरबा?"

"नाही हो. माणसं घरात बोलतात ना, तो आवाज पकडायचाय."

हसमुखभाई हसले. "ते तर फुकट ऐकू येतं."

हे सगळं अर्थात गुजरातीत चाललं होतं. बडोद्यातली मराठी माणसं दुकानाच्या पायरीवर चढताना आपली भाषा चपलांसारखी बाहेर काढून ठेवतात. तसा कायदा कुणी केलेला नाही. आपण होऊनच काढतात.

फुकट ऐकू येतं म्हणे. नीराच्या कपाळावर आठी पडली. तिला कुठे येत होतं? दिवसभर विम्याच्या ऑफिसात गुजराती आणि हिंदी, अधूनमधून साहेब चिडले की इंग्रजी. रावपुऱ्याच्या गल्लीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये आई होती तोवर बोलणं होतं. आई गेल्यावर उरला फ्रिज. लग्न केलं नव्हतं, करावंसंही वाटलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही दुःख नव्हतं. दुःख एवढंच, की आईची ती भाषा आता तिच्या तोंडातल्या तोंडात कुजत होती.

तिच्याशी ती भाषा बोलणारं एकच माणूस उरलं होतं, समोरच्या दाराआड. वत्सला कोतवाल. नवरा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात कारकून होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. रोज संध्याकाळी नीरा वत्सलामावशींच्या हिंचक्यावर जाऊन बसे. झोपाळ्याला बडोद्यात हिंचकाच म्हणतात, आणि तो नसेल तर घराला घर म्हणत नाहीत. पण मावशींचा मुलगा श्रीकृष्ण पुण्याला असतो. दिवाळीआधी येऊन आईला कायमचं घेऊन जायचं त्याने ठरवलं होतं. त्याआधी मावशींचं बोलणं पकडून ठेवायचं, असं नीराने मनाशी घेतलं होतं.

आणखीही एक कारण होतं. पुण्यात काही मंडळी ऐकायच्या गोष्टी तयार करून इंटरनेटवर टाकतात. नीराने त्यांना एक तुकडा पाठवला होता, फोनवर रेकॉर्ड केलेला, बडोद्याच्या दुपारीबद्दल. तो परत आला. आवाज फोनचा वाटतो, नीट यंत्र घ्या, असं तिथला मुलगा म्हणाला. वर म्हणाला, "आणि तुमचं ते गुजराती मराठी आहे ना, ते फार क्यूट आहे, ते जरा जास्त टाका." चार पिढ्या माणसं ज्या भाषेत जगली, भांडली, मेली, ती याला चटणीसारखी वर भुरभुरवायला हवी होती. नीराला त्याचा कान धरावासा वाटला. पण फोनवर ती म्हणाली, "निश्चितच."

हसमुखभाईंनी काचेवर दोन यंत्रं ठेवली. एक मोठं, हाताच्या पंजाएवढं, वर एकमेकांकडे वळलेले दोन माइक, बोकडाच्या शिंगांसारखे. "हा राजा. उजवीकडचं उजवीकडे ऐकू येतं, डावीकडचं डावीकडे. पण लेव्हल तुम्हाला लावावी लागेल. जास्त ठेवली आणि कोणी ओरडलं तर आवाज फाटणार. कमी ठेवली तर मागे सुरसुर येणार." दुसरं साबणाच्या वडीएवढं. "याला काही लावायचंच नाही. कोणी किंचाळू दे, कोणी कुजबुजू दे, सगळं आत जातं, मागाहून हवं तेवढं वरखाली करा. खिशात टाका, कोणाला कळणार नाही. आजकाल हेच खपतं."

"दोन्ही घरी नेऊन बघू?"

"ओळखपत्र ठेवून जा. आणि बेन, पाडू नका."

घरी येऊन नीराने दोन्ही यंत्रं टेबलावर ठेवली, हेडफोन कानाला लावले, आणि तिच्या लक्षात आलं की रेकॉर्ड करायला घरात काही नाही. तिने पेपर वाचून पाहिला. टाळी वाजवली. मोठ्या यंत्राची लेव्हल वाढवत गेली तसा फ्रिज गुरगुरायला लागला, तिची स्वतःची बांगडी टेबलाला लागली ती ताट पडल्यासारखी वाजली. मग खालच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला, रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी शिव्या देत होता तो आला, कुणाची तरी मुलगी कुणाला तरी "मम्मी" म्हणून हाक मारत होती तीही आली. यंत्र चांगलं होतं. आपल्या घरात माणूस बोलत नाही, हे त्याने फार स्वच्छ ऐकवलं. तिने हेडफोन काढले आणि दुसऱ्या दिवशीची वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मोठं यंत्र हातात घेऊन ती समोर गेली. कल्पना आधी दिली होती, तीच चूक झाली. वत्सलामावशींनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, तोंडाला पावडर लावली होती, आणि हिंचका बंद करून त्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"हिंचक्यावर बसा ना, मावशी."

"छे, तो कुरकुरतो. त्यात येईल ने." मग यंत्राचा लाल दिवा लागला आणि मावशींचा घसा बदलला. "नमस्कार. आमच्या बडोदे शहराला एक अत्यंत उज्ज्वल अशी सांस्कृतिक परंपरा लाभलेली आहे..."

शाळेच्या बक्षीससमारंभाला पाहुण्याने बोलावं तसं त्या बोलत राहिल्या. नीरा मध्ये म्हणाली, "मावशी, मला तुमचं रोजचं सांगा. काका वर्कशॉपातून यायचे तेव्हाचं." तर त्या म्हणाल्या, "माझे यजमान सायंकाळी कार्यालयातून परतत असत." यजमान! उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याला 'आमचे हे' याखेरीज काही म्हटलं नव्हतं.

नीराने यंत्र बंद केलं. दिवा विझताक्षणी मावशींनी पदराने पावडर पुसली. "हाश. बोलली ने मी बराबर? चल दीकरा, छाछ पी. तुझ्या यंत्राने माझं माथं धरलं."

"हेच बोला ना मघाशी! हे का नाही बोललात?"

"हे? हे कोणी ऐकवतं का?" मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "श्रीकृष्णच्या लग्नात मी विहीणबाईंना म्हटलं, बसा ने, शाक घ्या ने. तर त्यांच्याकडच्या पोरी पदरात तोंड घालून हसल्या. अजून सून नातवाला सांगते, आजीसारखं बोलू नकोस, शाळेत हसतील. आता तिथेच जायचंय मला. सवय तर करायला हवी ने."

हा आमचा बडोदेकरांचा जुना रोग. घरात जीभ सैल सुटते, पुण्याचं नाव निघालं की दाताखाली येते. हसणारे हसून विसरून जातात, हे मात्र आयुष्यभर तोंड धुवत बसतात. पुणेकरांना दोष द्यावा तेवढा थोडाच आहे, पण स्वतःची लाज वाटायला कुणी यांच्यावर बंदूक रोखली होती? नीरा छाछ प्यायली, आणि ग्लास खाली ठेवता ठेवता तिने ठरवून टाकलं.

रविवारी ती मेथी घेऊन गेली. "मावशी, निवडू लागा." जुडी पेपरवर पसरली. त्या पेपराच्या घडीत ती साबणाची वडी होती. लाल दिव्यावर तिने चिकटपट्टी लावली होती.

आणि मावशी बोलल्या. हिंचका पायाने ढकलत, मेथीची देठं मोडत बोलल्या. "अगं, आमचे हे पगार झाला की रावपुऱ्यात उतरायचे, हातात चिवड्याचा पुडा, लीलो चेवडो. मी म्हणायची, वार का लागली, इतका उशीर? तर म्हणायचे, सायकलमध्ये हवा नव्हती. पगाराच्याच दिवशी कशी हवा जाते, मी विचारलं, सायकल आहे की पुढारी?" नीरा खो खो हसली. मग शेजारच्या पटेलबाईंच्या नकला झाल्या, कुणीतरी नेऊन परत न दिलेल्या कढईचा उद्धार झाला. मग अचानक मावशी म्हणाल्या, "तिकडे हिंचका नाहीये, दीकरा. सून म्हणते छत मजबूत नाही. मी मनात म्हटलं, छत नाही, तूच मजबूत नाहीस," आणि स्वतःच हसल्या, आणि पुष्कळ वेळ नुसती हिंचक्याची कुरकुर चालली.

घरी येऊन नीराने ते ऐकलं. एकदा, दोनदा. सगळं आलं होतं. देठ मोडल्याचा कट् आवाज, साखळीची कुरकुर, मावशी श्वास घेऊन थांबतात ते. त्यात तिची स्वतःचीही बडबड होती, "मग हो मावशी? मग शुं झालं?" आपण इतक्या मोकळेपणी हसतो हे तिला माहीतच नव्हतं. आई गेल्यापासून असा आनंद झाला नव्हता. तो कुणाला तरी सांगायला हवा होता. तिने फोन उचलला, नावं खालीवर केली, ठेवून दिला. ज्या माणसाचं चोरलं होतं, त्या एका माणसाखेरीज सांगायला जगात कुणी नव्हतं. असं फुटकं नशीब. ती तशीच यंत्र घेऊन समोर गेली आणि मावशींच्या कानाला हेडफोन लावले.

मावशींचा चेहरा आधी फुलला. "हा तर माझा हिंचका." मग त्या ऐकत राहिल्या, आणि चेहरा हळूहळू मिटत गेला. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"कधी केलंस?"

"मघाशी. मेथी निवडताना."

"पेपरात होतं?"

"हो."

"मला खोटं लागलं, नीरा." या वेळी 'दीकरा' म्हणाल्या नाहीत. मनाला लागलं, हे सांगायला बडोद्यातल्या बायका असंच म्हणतात. "सगळीकडे तोंड सांभाळून बोलते मी. फोनवर मुलाशीसुद्धा. एक तुझ्यापुढे सुटी बसायची. ते पण राहिलं नाही."

"पण मावशी, तुम्ही यातच आहात. कालच्या त्या यजमानांमध्ये तुम्ही नव्हता. हे हसण्यासारखं नाहीये, हे..."

"मग तू का नाही बोलत असं?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "त्या पुण्याच्या पोराशी फोनवर बोलतेस, जाळीतून येतं मला ऐकू. निश्चितच, निश्चितच. कसली निश्चितच? तुझ्या आईने जन्मात म्हटलं होतं? स्वतः साडी नेसून बसायचं आणि मला परकरावर उभं करायचं. आधी तू बोल त्या डबीत. मग मला सांग."

नीराने मावशींच्या मांडीवरचे हेडफोन उचलून घेतले.

"पुसून टाक," मावशी म्हणाल्या. "माझ्यासमोर."

यंत्राने इंग्रजीत विचारलं, नक्की पुसू? नीराने बटण दाबलं. मेथी, सायकल, कढई, सगळं गेलं.

सोमवारी तिने हसमुखभाईंच्या काचेवर छोटं यंत्र परत ठेवलं आणि मोठ्याचे पैसे दिले.

"हे का, बेन? छोटं सोपं होतं."

"हे समोर ठेवलं की दिसतं," नीरा म्हणाली. हसमुखभाईंना काही कळलं नाही. त्यांनी पावती फाडली.

त्यानंतर नीरा संध्याकाळी जायची, पण बोलणं दूध-पाण्याचं व्हायचं. श्रीकृष्ण आला, सामान बांधलं गेलं. हिंचका पुण्याला जाणार नव्हता, भंगारवाला येऊन बघून गेला होता. निघायच्या दुपारी मुलगा टॅक्सी बघायला खाली उतरला तेव्हा मावशींनी दार उघडून हाक मारली.

"तुझा तो शिंगवाला आण."

नीराने आणला. मावशी हिंचक्यावर बसल्या, रोजच्या मळक्या साडीत. "मी बोलणार नाही. हिंचक्याचं घे. त्याला पुण्यात कोण हसणार?"

लाल दिवा लागला. नीराने लेव्हल बेताची लावली. मावशी पायाने ढकलत राहिल्या, यंत्राकडे बघत, मग खिडकीकडे बघत. साखळी कुरकुरत होती. खालून श्रीकृष्णची हाक आली, "आई, चल." मावशी उठल्या. रिकामा हिंचका थोडा वेळ हलत राहिला, नीराने तेवढंही घेतलं.

दारात मावशींनी तिच्या गालाला हात लावला. "आवजे, दीकरा," म्हणाल्या. आता यायचं कुठे, हे दोघींनी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी समोरच्या दाराला कुलूप होतं आणि भंगारवाल्याने काढून नेलेल्या हिंचक्याच्या नुसत्या कड्या जाळीतून आत छताला दिसत होत्या. नीराने दुपारचं जेवण उरकलं. कपाटावरच्या स्पीकरवर त्या कुरकुरीची फाइल लावली. मोठं यंत्र स्वतःसमोर ठेवलं, शिंगं आपल्याकडे वळवली, बटण दाबलं.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी बडोद्याहून..."

तिने ते तिथेच थांबवलं. पुसलं. उठून पाणी प्यायली, परत येऊन पाय वर घेऊन बसली.

लाल दिवा लागला.

"मावशी, जेवलात ने? आज शाक काय केलं?" ती थांबली. हिंचका दोनदा कुरकुरला. "मी आज काही केलं नाही, कंटाळा आला. कालची खिचडी होती, टाढीच खाल्ली, गरम पण नाही केली. हां, माहितेय, ओरडू नका." पुन्हा थांबली. साखळी पुढे गेली, मागे आली. "पटेलबाई विचारत होत्या तुम्हाला. मी म्हटलं, पोचल्या पुण्याला, वार नाही लागली."

तिचा आवाज एकदोनदा चिरकला, यंत्रावरची आवाजाची पट्टी लाल रेघेपर्यंत जाऊन आली. तिने लेव्हलला हात लावला नाही. जिथे मावशी बोलल्या असत्या तिथे ती थांबत होती, आणि तेवढ्या जागेत हिंचका येत-जात होता. फाइलच्या शेवटाकडे श्रीकृष्णची हाक आली, "आई, चल." नीरा तरी बोलत राहिली.