गुरुवारची सुट्टी

भोसरीच्या वर्कशॉपांना गुरुवारी सुट्टी असते आणि चाकणकडच्या कंपन्यांना रविवारी. हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही. आमच्या लातूरकडच्या मंडळींनी मुलाचा पगार पाहिला, पत्रिका पाहिली, पण त्याची सुट्टी कुठल्या वारी असते ते काही पाहिलं नाही. सुजित भोसरीत लेथ मशीनवर, मी चाकणकडच्या महाळुंग्याला वायरिंगच्या लाइनवर आणि आमची खोली मधोमध मोशीत. त्याच्या सुट्टीला मी कंपनीत आणि माझ्या सुट्टीला तो मशीनवर.

मला फार काही नको होतं. एक सुट्टी, दोघांची मिळून. उशिरा उठायचं, बाहेर जाऊन मिसळ खायची, दुपारी पंखा लावून लोळायचं, बस. शेजारची दिव्या रविवारी नवऱ्याच्या मागे गाडीवर बसून निघाली की मी गॅलरीत उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकत उभी राहायचे. सुजितही म्हणायचा, "आमच्या शेठनं एकदा रविवार केला ना स्वरूपा, की तुला कार्ल्याला नेतो."

तसा गुरुवारचा एक फायदा होता. मी संध्याकाळी दमून घरी आले की दळण आणलेलं असायचं, पाणी भरलेलं असायचं, कपड्यांच्या घड्यासुद्धा घातलेल्या असायच्या. त्या दिवशी डबा फक्त माझा करायचा. बसमधल्या बायका नवऱ्यांच्या नावानं खडे फोडायच्या तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात मिरवून घ्यायचे. रविवारी मात्र तो कामावरून खांदा धरूनच यायचा. मला वाईट वाटायचं. मी बाम चोळून द्यायचे.

होळी झाल्यानंतरच्या एका रविवारी मी धपाटे केले. सकाळी त्याला डबा दिलाच होता, पण गरम धपाटा त्याच्या तोंडात पडावा अशी मला लहर आली. फडक्यात बांधून घेतले आणि शेअर रिक्षानं भोसरी गाठली. आजूबाजूची सगळी वर्कशॉप धडधडत होती. ह्यांचंच शटर खाली आणि त्याला कुलूप. कुणाला काही लागलं की काय, असं वाटलं. कोपऱ्यावर चतुराबाईंची चहाची टपरी आहे. मी तिकडे धावले.

"आज कसं उघडं असंल?" त्या म्हणाल्या. "तुमचा रविवार झाला की आता. मोठ्या कंपनीचं काम मिळालं, तवापासनं गुरुवारी चालू असतंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. तुमास्नी न्हाई सांगितलं व्हय?"

मी तिथूनच फोन लावला.

"काय करायलास?"

"काम करायलोय, दुसरं काय. मशीनवर आहे, नंतर बोलतो."

त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं, "आउट, आउट!" आणि फोन कट झाला.

लेथ मशीनवर कुणी आउट होत नाही, एवढं मलाही कळतं. धपाटे मी चतुराबाईंना देऊन टाकले. रिक्षात बसले आणि एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. म्हणजे गुरुवारी हा कामावर जात होता. तिथून सुटला की धावत घरी येऊन, मी यायच्या आत दळण, पाणी, कपडे उरकून ठेवत होता. डबा मागितला तर बिंग फुटेल म्हणून दुपारी वडापाव खात होता. माझ्यासाठी एवढी धावपळ त्यानं जन्मात केली नव्हती. आणि तो खांदा! इतके महिने मी ह्याच्या बॉलिंगला बाम चोळत होते.

संध्याकाळी तो आला. मी चहा दिला. त्याला खरं बोलायची एक संधी द्यावी म्हणून विचारलं, "काम फार होतं का?"

"विचारू नको. शेठ दिवसभर डोक्यावर बसला होता." असं म्हणून त्यानं खांदा पुढे केला.

"विकेट किती काढल्या?"

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "नुसतं क्रिकेट आहे गं. रोहिदास आणि ती पोरं, लग्नाआधी मी ज्यांच्यासोबत खोलीवर राहायचो. निघोज्याला मैदान आहे. शपथ, दुसरं काही नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गुरुवारी मी एकटा असायचो. माझा म्हणून एक दिवस होता. तो गेला. तुला सांगितलं असतं, तर रविवार दोघांचा झाला असता."

हे तो इतकं सरळ बोलला, की आधीचं खोटंच बरं होतं असं मला वाटलं. एखादी बाई असती तरी परवडलं असतं. तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, माहेरची माणसं बोलावली असती. क्रिकेटवर कुणाला बोलावणार? बसमध्ये सांगितलं तर बायका हसतील. पण मी जो दिवस देवाकडे मागत होते तो दिवाळीतच येऊन बसला होता आणि माझ्याच नवऱ्यानं तो माझ्यापासून लपवून ठेवला होता. त्या रात्री मी खूप रडले. त्यानं माफी मागितली. म्हणाला, "आता रविवार तुझा." मला तो माझा नको होता, आमचा हवा होता.

पुढच्या रविवारी तो घरी थांबला. मला उठवलं नाही, चहा केला, मिसळ खायला घेऊन गेला. रस्सा संपल्यावर म्हणाला, "आता कुठं जायचं?" शेठनं सांगितलेलं एक काम संपवून पुढचं विचारावं, तशा सुरात. आम्ही घरी आलो. पंखा लावला. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला, पाय खाली सोडून. तेवढ्यात रोहिदासचा फोन आला, त्यांच्यात एक जण कमी होता.

"नाही राव, घरी आहे आज," सुजित म्हणाला. दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी बसलेला माणूस बोलतो ना, तेवढ्याच हळू.

"जा," मी म्हटलं.

"खरंच?"

"जा ना."

तो उठला, घाईघाईनं बूट चढवले आणि गाडीची किल्ली शोधताना शीळ घालायला लागला. रविवारी सकाळी हा माणूस खूश असला की कसा दिसतो, ते मला लग्न झाल्यापासून बघायचं होतं. त्या दिवशी बघितलं. दाराबाहेर पडताना.