गालावरचा सरकारी तीळ

बाळ शुक्रवारी पहाटे जन्मलं, आणि जन्मलं तेव्हा ते कुठल्याच देशाचं नव्हतं.

आशालताबाईंना हे कळलं ते तेराव्या दिवशी. आदल्या दिवशी पुंगोलच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, भाड्याने आणलेल्या पाळण्यात घालून नाव ठेवलं होतं, अमेय. नाव मिळालं तसा जन्मदाखलाही मिळाला, आणि त्यावर स्पष्ट छापलं होतं की जन्माच्या वेळी हे मूल सिंगापूरचं नागरिक नव्हतं.

"मग नंतर झालं का?" आशालताबाईंनी विचारलं.

"नाही गं आई," धवल म्हणाला. "नंतरही नाही. इथं जन्मलं म्हणून कुणी इथलं होत नाही."

"आणि आपलं?"

"आपला पासपोर्ट काढला की आपलं. तोवर त्याला बेचाळीस दिवसांचा पास आहे. त्रेचाळिसाव्या दिवशी तो बेकायदा."

आशालताबाईंनी पाळण्यात पाहिलं. बेकायदा व्हायला निघालेला माणूस मूठ चोखत होता.

त्यांच्या बहिणीचा नातू न्यू जर्सीत जन्मला तेव्हा त्याला आल्या आल्या तिथला पासपोर्ट मिळाला होता. तिथेही आता त्यावरून कोर्टकचेऱ्या चालल्यात म्हणे, पण निदान भांडायला तरी जागा होती. इथे तेही नव्हतं. घरात चार माणसं आणि चौघांचे चार पास. धवलचा नोकरीचा, ऋचाचा नोकरदाराच्या बायकोचा, आशालताबाईंचा पाहुणीचा, आणि बाळराजांचा हा असा.

धवल आंग मो किओच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. बारशाचीसुद्धा त्याने एक्सेल शीट केली होती. असा माणूस एका फॉर्मपाशी मात्र अर्धा तास अडून बसला. त्यात विचारलं होतं, देशात प्रवेश कसा केला? विमानाने, जहाजाने की रस्त्याने?

"रस्त्यानेच म्हणायचं," ऋचा सोफ्यावरून म्हणाली. ती अजून उशी घेतल्याशिवाय बसू शकत नव्हती. "आणि सोळा तास लागले म्हणून लिही."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण चौथ्या दिवशी बाळाला कावीळ झाली, पाच दिवस त्याला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, आणि तेव्हाच डॉक्टरीणबाईंना त्याच्या छातीत ठोक्यांखेरीज आणखी एक बारीक आवाज ऐकू आला. हृदयाच्या पडद्याला भोक असावं, त्या म्हणाल्या. बहुतेकदा आपोआप बुजतं, पण मोठ्या मशीनवर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तारीख मिळाली पन्नासाव्या दिवसाची. इस्पितळाच्या दरपत्रकात तीन रकाने होते. इथले, इथे कायमचे राहणारे, आणि बाकीचे. बाळ बाकीच्यांतही सगळ्यात शेवटचं. काविळीच्या बिलातच घरातली शिल्लक संपली होती. कंपनीचा विमा पुढचं सगळं उचलणार होता, फक्त त्यांना बाळाच्या पक्क्या पासाचा नंबर हवा होता. नंबरासाठी पास, पासासाठी पासपोर्ट, पासपोर्टसाठी फोटो.

आशालताबाईंना यातलं एवढंच कळलं की बाळाच्या छातीत एक भोक आहे, आणि फोटो निघाल्याशिवाय ते कुणी बघणार नाही.

आपल्या परीने त्यांनी सुरुवात केली होती ती भोकाचं कळलं त्या दिवसापासूनच. रोज पहाटे आंघोळ करून, पाणीही न पिता तुपाचं निरांजन लावायचं, त्यावर तांब्याची ताटली उपडी धरायची, तोंडाने जप चालू ठेवायचा, आणि एकशे आठ झाले की जमलेली काजळी तुपात खलून डबीत भरायची. त्या काजळाची एक तीट बाळाच्या डाव्या गालावर. भोक बुजल्याचं कळेपर्यंत एक दिवस खाडा करायचा नाही, असं त्यांनी देवाला सांगून टाकलं. स्वयंपाकघराबाहेरचा धुराचा गजर दोनदा वाजला. तेव्हापासून ऋचा रोज पहाटे डोळे चोळत त्याच्याखाली टॉवेल हलवत उभी राहायची.

"आई, हॉस्पिटलमधली नर्स विचारत होती, गालाला काय लागलंय म्हणून," ती एकदा म्हणाली. ती संधी मिळेल तेव्हा ओल्या कापसाने तीट पुसून टाकायची. आशालताबाई एका शब्दाने बोलत नसत. पुन्हा लावत.

चौदाव्या दिवशी सगळे तोआ पायोहला फोटो काढायला गेले. तो गुरुवार होता. गुरुवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आशालताबाईंचं मौन असे. बावीस वर्षांत ते कधी मोडलं नव्हतं.

फोटोवाले म्हातारे चिनी अंकल पासपोर्टच्या फोटोत मुरलेले होते. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं, आणि धरणाऱ्याचे हात दिसता कामा नयेत. त्यांनी आशालताबाईंना स्टुलावर बसवलं, मांडीवर बाळ दिलं आणि बाईंच्या डोक्यावरून पायापर्यंत पांढरी चादर घातली. बाळ चादरीवर, आजी चादरीखाली. टिश्यूने अंकलनी बाळाचा गाल स्वच्छ पुसला. "नो मेकअप लाह." इथे कुठल्याही वाक्याला शेवटी हे 'लाह' लागतंच.

मग तीस फोटो झाले. तिसांतही बाळ झोपलेलं. अंकलनी खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, शेवटी कोंबड्यासारखे आरवले. बाळाने जांभई दिली.

चादरीखाली अंधारात आशालताबाईंचा जीव कासावीस झाला. पुसलेल्या गालाने पोराला एवढा वेळ परक्या नजरेसमोर बसवलेलं. त्यांनी कमरेची डबी चाचपली, चादरीच्या कडेखालून हात बाहेर काढला, अंदाजाने गाल शोधला, तीट लावली, आणि हात परत आत. गार बोट लागल्याबरोबर बाळाने डोळे टक्क उघडले. अंकलनी बटण दाबलं.

एकतिसावा फोटो. ठिपका अंकलना दिसला, पण बाकी सगळ्या नियमांत बसणारा तेवढा एकच.

तिथून भारतीय पासपोर्टच्या अर्जाच्या काउंटरवर. धवल झेरॉक्सच्या रांगेत होता, ऋचा उशीच्या शोधात. काउंटरवरच्या मुलीने फोटो पाहिला, आशालताबाईंच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "आंटी, गाल पे ये तिल है ना? निशानी में लिख दूँ?"

आशालताबाईंनी तिटेवर बोट ठेवलं, मग दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. म्हणजे, ही मी लावलेली, देवाच्या भरवशावर. मुलीने मान डोलावली आणि टाइप केलं, डाव्या गालावर काळा तीळ.

धवलने सही करण्यापूर्वी अर्ज तीनदा वाचला. तीळ वाचून तो क्षणभर थबकला. पण आपल्या पोराच्या अंगावर कुठे काय आहे हे बायकोसमोर विचारायची त्याची छाती झाली नाही. असेल, म्हणून त्याने सही ठोकली.

पासपोर्ट चाळिसाव्या दिवशी आला. पासाच्या ऑफिसात वेळ मिळाली ती बेचाळिसाव्या दिवसाची. पुन्हा गुरुवार.

त्या सकाळी ऋचाने बाळाला छान न्हाऊ घातलं, नवीन झबलं घातलं, आणि सरकारी कामाला जायचं म्हणून गाल लख्ख पुसला. आशालताबाईंना दिसलं ते थेट काउंटरपुढे बसल्यावर. तोवर बाळ कडक इस्त्री केलेल्या एका तरुण साहेबांसमोर पोचलेलं होतं.

साहेबांनी पासपोर्ट पाहिला. बाळ पाहिलं. पासपोर्ट उलटा करून पाहिला.

"तीळ कुठे?"

"कसला तीळ?" ऋचा म्हणाली.

साहेबांनी फोटो दाखवला, अर्जाची प्रत दाखवली. ऋचाने धवलकडे पाहिलं. धवलने छताकडे.

"मला वाटलं तुला माहीत आहे," तो पुटपुटला.

"मी बेचाळीस दिवस त्याला पुसतेय धवल! मला माहीत नसेल?"

साहेब अतिशय नम्र होते. ते म्हणाले, लहान बाळांचे चेहरे बदलतात, ते चालतं. पण तीळ जात नाहीत. हे बाळ त्या पासपोर्टातलं नसेल तर ते बाळ कुठे आहे? आणि असेल तर तीळ काढल्याचं डॉक्टरांचं पत्र आणा.

"नव्हताच तर काढणार कसा?" धवल रडकुंडीला आला.

"मग नव्हता असं पत्र आणा. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ साधारण तीन आठवड्यांनी मिळते."

"त्याचा पास आज रात्री संपतो हो!"

"हो," साहेब खरोखर वाईट वाटून म्हणाले. "सिस्टीममध्ये दिसतंय मला."

आशालताबाईंना इंग्रजी तोडकंमोडकं कळत होतं. पण आज, रात्री, संपतो एवढं कळायला त्याहून कमी पुरलं असतं. त्यांनी बाळाला उचललं, लंगोट ओला झाल्याची खूण केली आणि बाळंतिणींच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा बाळाच्या डाव्या गालावर, फोटोत होता तिथेच, काळाभोर तीळ होता.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आत्ता नव्हता."

ऋचाने आशालताबाईंकडे पाहिलं.

"मॅडम, आत्ता हा नव्हता लाह!"

त्यांनी मोठ्या बाईंना बोलावलं. केसांत मोगऱ्याचा गजरा माळलेल्या, चाळशी गळ्यात अडकवलेल्या सेल्वराणी बाई आल्या. त्यांनी वाकून बाळाचा गाल पाहिला, बोटाने हलकेच टेकून पाहिलं. बोट काळं झालं.

"हा खरा आहे का?" त्यांनी विचारलं.

धवल म्हणाला, "हो." ऋचा त्याच क्षणी म्हणाली, "नाही." दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की साहेबांनी ते नक्कीच सिस्टीममध्ये टिपलं असतं.

आशालताबाई डोळे मिटून बसल्या होत्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं, सूर्यास्ताला सहा तास होते. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. देवा, तुझं मौन आणि माझं पोर एकाच वेळी एका काउंटरवर आणलंस तू. मग त्यांनी डोळे उघडले.

"मी लावते," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू की चौघंही पुढे झुकले. "आय पुट. एव्हरी डे. विथ प्रेअर. खोटा नाही तो. पण देवाने दिलेला पण नाही. त्या दिवशी माझं मौन होतं, म्हणून त्या पोरीला सांगता आलं नाही. चूक माझी. बाळाच्या छातीत भोक आहे, त्याला नंबर द्या."

धवलने ते सगळं इंग्रजीत सांगितलं. 'मौन' सांगताना त्याला तीन वाक्यं लागली.

सेल्वराणी बाईंनी काळं बोट अंगठ्यावर घासून पाहिलं. "आमच्या तमिळात याला पोट्टु म्हणतात," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीने मला पाच वर्षांची होईपर्यंत लावलं. माझ्या शाळेच्या फोटोतसुद्धा आहे." मग त्या साहेबांना म्हणाल्या, "हे बाळ तेच आहे. लिही."

"काय लिहू मॅडम? कायमची खूण की तात्पुरती? दोनच पर्याय आहेत."

हा प्रश्न खरोखर अवघड होता. कायमची म्हणावी तर बोटाला लागते. तात्पुरती म्हणावी तर पासपोर्टवर पाच वर्षं आहे. सेल्वराणी बाईंनी चाळशी चढवली.

"रोज लावता?"

"रोज."

"खाडा?"

"नाही."

"मग कायमची," त्या म्हणाल्या. "रोज नूतनीकरण होणारी. आपले सगळे पास तसेच असतात." साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, डाव्या गालावरील खूण आजीकडून दररोज नूतनीकृत. मग एंटर दाबून ते पुन्हा अडखळले. "आजींचा स्वतःचा पास कधी संपतो?"

"पाच दिवसांनी," धवल म्हणाला.

"मग नंतर नूतनीकरण कोण करणार? पासपोर्ट आहे तोवर ही खूण जुळली पाहिजे."

सगळे बाळाच्या गालाकडे बघायला लागले. एका तिटेचा एवढा विचार झालेला आशालताबाईंनी कधी पाहिला नव्हता. सुनेकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"मी," ऋचा म्हणाली. "कुठे सही करू?"

पासाचा नंबर सात अंकी होता. धवलने तो तिथूनच विम्यावाल्यांना पाठवला. घरी जाताना ट्रेनमध्ये आशालताबाई पुन्हा मौनात गेल्या होत्या, पण मोडलेलं ते मोडलेलं. त्यांनी स्वतःलाच दंड ठोठावला. पुढच्या गुरुवारी घेतलेलं मौन शुक्रवारच्या सूर्यास्तापर्यंत सोडायचं नाही.

उरलेल्या पहाटे निरांजनाशी ऋचा बसायची आणि टॉवेल आशालताबाई हलवायच्या. "ताटली तिरकी धर गं बाळा," त्या सांगायच्या. "आणि जप?" ऋचा विचारायची. "येतो तेवढा कर. राहिलेला मी करते." सत्तेचाळिसाव्या दिवशी पाहुणीचा पास संपला आणि त्या सांगलीला परतल्या. बाळाच्या छातीतलं काय ते कळायचंच होतं.

पन्नासाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी फोन वाजला. मौन चालू होतं. आशालताबाईंनी देवासमोरच बसून फोन उचलला. पडद्यावर इस्पितळाचा पांढरा बाक, ऋचा, मागे धवलचं अर्धं कपाळ.

"आई, बोलू नका, मला माहितीये," ऋचा एका दमात म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "मशीनवर बघितलं. भोक आहे, पण अगदी बारीक. बुजत आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन नको, औषध नको, सहा महिन्यांनी परत दाखवा. ऐकू येतंय ना आई?"

आशालताबाईंच्या गालांवरून पाणी ओघळलं. त्यांनी मान हलवली. मग बोट उचलून स्वतःच्या डाव्या गालावर ठेवलं आणि सुनेकडे बघत राहिल्या.

"आहे हो, आहे!" ऋचाने बाळाचं तोंड पडद्याकडे वळवलं. काजळ जरा जास्तच झालं होतं, तीळ चांगला मटाराएवढा दिसत होता. "इथली नर्स पुसायला निघाली होती. मी म्हटलं, हात लावू नका, सरकारी आहे."