भुशाचा हात

“डोकं खाली कर गं, लारास! तुझ्यामागे अख्खी रांग खोळंबलीय.”

जावा बेटावरच्या क्लातेनमधल्या एका शाळेच्या फाटकावर सुमार्नीबाईंनी हात पुढे धरला होता. सकाळी प्रत्येक मुलाने बाईंचा हात कपाळाला लावायचा, मगच आत जायचं. एकतीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. सात वर्षांची लारास मात्र हाताला हात लागला की विस्तवावर पाय पडल्यागत मागे सरे. मग बाई स्वतःच तिचं डोकं धरून कपाळाला हात टेकवत. संस्कार म्हणजे संस्कार!

नवी शिक्षिका प्रतिवी हळूच म्हणाली, “बाई, तिला स्पर्श सोसत नाही हो. छातीवर हात ठेवून नमस्कार केला तर नाही का चालणार?”

“एकतीस वर्षं हात देतेय मी. कुणाचं कपाळ झिजलं नाही अजून!”

रांगेतली मुलं हसली. बाईही हसल्या.

दुपारी लारासची आई विजी आली. मागावर लुंग्या विणणारी बाई. मुलीचं नाव काढून घ्यायला आली होती, आणि वर माफी मागत होती.

“चुकलं आमचं, बाई. रोज संध्याकाळी वीस-वीस वेळा करून घेतलं तिच्याकडून.” तिने पिशवीतून स्कूटरवर घालायचा जुना हातमोजा काढला. आत भाताचा भुसा ठासून तोंड शिवलेलं होतं. “हा बाईंचा हात, असं सांगायचे तिला. आधी याची सवय होऊ दे, म्हटलं. पण शाळेतून आली की ओल्या फडक्याने कपाळ घासत बसते. साल निघालीय हो.”

म्हणजे पोर कपाळावर केस ओढून घेत होती ती यासाठी. त्यावरूनही बाई तिला रागावल्या होत्या.

बाईंनी मोजा हातात घेतला. एकेक बोट निगुतीने भरलेलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला मान राखायला या मायलेकी घरी भुशापुढे वाकत होत्या आणि आपण फाटकावर विनोद करत होतो.

“नाव काढू नकोस,” त्या कशाबशा म्हणाल्या. “पाठव तिला उद्या. मी हात नाही लावणार.” माफी मागायची होती, पण जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच छातीवर हात ठेवून फाटकावर उभ्या राहिल्या. लारास आली, रोजच्या जागी थांबली. तिने डोळे घट्ट मिटले, स्वतःच्या हाताने केस बाजूला सारले आणि ते सोललेलं लाल कपाळ निमूट पुढे केलं.

आज कुणी हसलं नाही.

“जा बाळा,” बाई म्हणाल्या, “तुझा नमस्कार पोचला.”

लारासने एक डोळा उघडून हात कुठे आहे ते पाहिलं, आणि अंग चोरून आत गेली.

मागच्या मुलाने सवयीने बाईंच्या हातासाठी हात पुढे केला. आपला हात त्याला द्यायचा बाईंना धीर होईना.